युवराजांना सहा गुंजा

"उद्या सूर्य मावळायच्या आत युवराज बरे झाले पाहिजेत, आणि त्यांच्या तोंडात औषधाचा एक थेंबही जाता कामा नये," असा हुकूम राजा रणधवलाने भर दरबारात सोडला. "नाकात धुरी नाही, पोटावर लेप नाही. ऐकलंत?"

दरबाराने ऐकलं आणि माना डोलावल्या. त्या दरबारात माना डोलावण्यापलीकडे कुणाला फारसं काही येतही नव्हतं.

युवराज होते सहा महिन्यांचे. तीन दिवस त्यांचं पोट फुगून टणक झालं होतं आणि रडून रडून आवाज बसला होता. राजाचा औषधावर एवढा राग, त्याला कारण राजवैद्य त्रिंबकशास्त्री. या विद्वानाने मात्रा ठरवण्यासाठी एक तक्ता केला होता. शिपायाला एक गुंज, हवालदाराला दोन, सेनापतीला पाच, महाराजांना सात. माणूस केवढा, वय काय, दुखणं कोणतं, असल्या क्षुल्लक गोष्टींना तक्त्यात जागा नव्हती. त्यामुळे रेड्यासारख्या शिपायाला औषध लागूच पडत नसे, आणि काडीसारखे महाराज औषध घेतलं की तीन दिवस अंथरुणातून उठत नसत. शास्त्रीबुवा याला औषधाचा प्रभाव म्हणत, आणि महाराजांनाही ते पटे.

युवराज तर गादीचे वारस. म्हणून त्यांना सहा गुंजा! पहिल्याच चाटणाला पोर काळंनिळं पडलं. सगळं ओकून टाकलं म्हणून वाचलं.

औषधशाळेत खलबत्ता चालवणारी गोजरा तेव्हा तिथेच उभी होती. बारा वर्षं तिने मुळ्या कुटल्या होत्या आणि रोग्यांना स्वतःच्या हाताने औषध पाजलं होतं. "शास्त्रीबुवा, एवढ्याशा जिवाला ही घोड्याची मात्रा झाली," असं ती आधीच म्हणाली होती. त्यावर शास्त्रीबुवा कडाडले होते, "युवराजांना काय शिपायाची मात्रा देऊ? राजघराण्याची काही इभ्रत आहे की नाही?"

आता मात्र इभ्रतीचं नाव न काढता शास्त्रीबुवा पुढे सरसावले. "महाराज, दोष मात्रेचा नाही, कुटणारीचा. ही गोजरा स्वतःला फार शहाणी समजते. करू द्या हिलाच बरं."

"ठीक आहे," राजा म्हणाला. "गोजरा, उद्यापर्यंत जमलं नाही, तर चंबूगबाळं आवरायचं आणि राज्याबाहेर चालतं व्हायचं."

राज्याबाहेर जायचं गोजराला एवढं काही वाटलं नाही. कुठेही गेलं तरी कुटायला लागतंच. पण आतल्या पाळण्यातून ते कण्हणं ऐकू येत होतं आणि तिचा जीव तुटत होता.

"महाराज, एक विचारते," ती म्हणाली. "युवराजांचं दूध चालू ठेवायचं, की तेही बंद?"

"वेडी आहेस का? दूध म्हणजे काय औषध आहे?"

"तेच विचारायचं होतं," गोजरा म्हणाली आणि थेट युवराजांना अंगावर पाजणाऱ्या बयजा दाईकडे गेली.

बयजाची वाड्यात बडदास्त मोठी. युवराजांची दाई म्हणून तिला रोज वालाची उसळ आणि वाटी वाटी बासुंदी वाढली जाई. गोजराने ते ताट आधी परत पाठवलं. मग तिने ओवा आणि बाळंतशोपा मोजून घेतल्या, काढा उकळून निम्मा आटवला आणि भांडं बयजापुढे धरलं.

"मला गं काय झालंय?" बयजा म्हणाली.

"तुला काही नाही झालेलं. तू पी. आणि बाळाला पदराखाली घ्यायचं ते मी सांगेन तेव्हा."

दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी, गोजराने तिला काढा दिला. दर वेळी तिच्या अंगापिंडाकडे बघून मोजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजाने युवराजांना मांडीवर घेऊन दरबार भरवला. राजा तोंड उघडणार, तोच युवराजांनी मांडीवरच असा दणदणीत वारा सोडला की भालदार दचकला. पोट मऊ पडलं आणि चार दिवसांनी पोर खुदकन हसलं. दरबारानेही लगेच हसून घेतलं.

"महाराज, हुकूम मोडला!" शास्त्रीबुवा ओरडले. "दाईच्या खोलीत ओव्याचा वास येतोय. हिने दाईला काढा पाजला. तोच दुधातून युवराजांच्या पोटात गेला!"

राजाच्या भुवया चढल्या. "खरं आहे हे?"

"दाईला काढा पाजला, हे खरं," गोजरा म्हणाली. "पण महाराज, दाईला रोज सकाळी वाड्यातून मेथीचे दोन लाडू मिळतात. युवराजांनी आजवर किती लाडू खाल्ले?"

"त्याला दात तरी आहेत का? दाईने खाल्ले ते लाडू."

"मग काढाही दाईच प्यायली. युवराज फक्त दूध प्यायले."

राजा असा हसला की युवराज मांडीवर हिंदकळले.

"महाराज, त्या दिवशीचं चाटण अजून खलात पडलंय," गोजरा पुढे म्हणाली. "शास्त्रीबुवांनाही काल सकाळपासून अपचन आहे म्हणे. त्यांच्या मानाप्रमाणे त्यांना द्यावं का?"

"जरूर. शास्त्रीबुवा, तुमचा मान केवढा?"

काल याच शास्त्रीबुवांनी आपली बैठक सेनापतीच्या वर मांडून घेतली होती. आता त्यांनी खलाकडे बघितलं आणि घाम पुसला. "मी... मी तर शिपायाहून खालचा, महाराज. अगदीच खालचा."

"मग एवढ्या वर बसून काय करता? उठा!" राजाने औषधशाळेच्या किल्ल्या आणि हातातलं सोन्याचं कडं गोजराला दिलं, आणि बत्ता शास्त्रीबुवांच्या हाती. "आता हे कुटतील. गोजरा, यांना रोज किती कुटायला देशील?"

गोजराने शास्त्रीबुवांना पगडीपासून जोड्यापर्यंत न्याहाळलं. "दर्जा नाही बघणार, महाराज, माणूस बघून देईन. अंगाने चांगले भरलेले आहेत. दहा शेर सहज झेपेल."

राजा हसता हसता तक्क्यावर मागे रेलला, आणि पहिल्यांदाच दरबार मनापासून हसला.