घाटमाथ्यावरचं उघडं फाटक

"फाटक बंद केलंस तर नोकरी जाईल!" सडक खात्याचे निरीक्षक नाडगौडा म्हणाले.

"आणि उघडं ठेवलंस तरी जाईल!" रेल्वे खात्याचे निरीक्षक टिपणीस म्हणाले.

रखमाजी फाटकवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग साहेब, अर्धं लावू का?"

दोघांनी हे आपापल्या वहीत लिहून घेतलं.

माळेगड संस्थानात सडक एक आणि रेल्वेही एकच. त्यांची गाठ पडायची ती सावरघाटाच्या माथ्यावर, रखमाजीच्या फाटकात. तिथवर यायला दोन्ही बाजूंनी चढ. महाराजांनी वाहतुकीचं नवं धोरण काढलं होतं : सडकेवर कुणाची खोटी होऊ नये आणि रुळांवरही कुणाची खोटी होऊ नये. धोरणावर देखरेख हवी म्हणून दोन निरीक्षक नेमले. ते फाटकाच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून दहा पावलांवर, खुर्च्या टाकून बसले. पण खाती वेगळी, त्यामुळे थेट बोलायची सोय नव्हती. नाडगौडांनी टिपणिसांना काही विचारलं, की पत्र आधी राजधानीला जायचं. उत्तर चौथ्या दिवशी यायचं. त्यात लिहिलेलं असायचं, "सदर बाब आमच्या खात्याची नाही."

शेवटी दोन्ही निरीक्षकांचे उलटसुलट अहवाल महाराजांसमोर गेले. महाराज हट्टी. त्यांनी हुकूम काढला : "सोमवारी आम्ही जातीने येऊ. आगगाडी न थांबता गेली पाहिजे आणि सडकेवरचं फाटक बंद होता कामा नये. जमलं नाही, तर रखमाजीला काढून त्याची खोली रिकामी करून घ्यावी!"

रखमाजीने भांडी पोत्यात भरायला घेतली.

"बाबा, सोमवारला अजून चार दिवस आहेत," त्याची मुलगी येसू म्हणाली.

"भांडीही पुष्कळ आहेत, पोरी."

येसूने त्या पोत्यातून दोन हंडे परत काढले. मग तिने खोलीमागे पडलेलं लोखंडी पिंप लोहाराकडून मधोमध कापून आणलं. त्याच्या दोन डोणी झाल्या. एक फाटकाच्या अलीकडे वीस पावलांवर ठेवली, एक पलीकडे. शेजारी पाण्याने भरलेले हंडे ठेवले. डोणी मात्र कोरड्याच!

"रिकाम्या डोणी कशाला गं?" नाडगौडांनी विचारलं.

"भरायला, साहेब."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

सोमवारी सकाळी घाटात महाराजांच्या मोटारीचा भोंगा वाजला. मोटारीपुढे पाच बैलगाड्या होत्या. पलीकडूनही दोन येत होत्या. आणि नेमका त्याच वेळी सिग्नलचा हात खाली पडला. लांबून आगगाडीची शिट्टी आली!

"आली गं! लावतो फाटक!" रखमाजीने फाटकाचं चाक धरलं.

"हात चाकावर राहू द्या बाबा, पण फिरवू नका!"

येसूने अलीकडचा हंडा डोणीत उपडा केला. पळत जाऊन पलीकडचाही केला. पाण्याचा आवाज ऐकताच घाट चढून जिभा बाहेर आलेले बैल सडक सोडून डोणीकडे वळले. गाडीवानांनी कासरे ओढून पाहिले. बैलांनी माना वर केल्या नाहीत. त्यांना कुठलंच खातं लागू नव्हतं.

मागून महाराजांची मोटार शेवटचं वळण घेऊन वर आली. तिच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. ड्रायव्हरने डोणीपाशी गाडी उभी केली आणि डबा घेऊन पाण्याकडे धावला.

सताड उघड्या फाटकातून आगगाडी धडधडत निघून गेली. वेग तसूभरही कमी झाला नाही.

महाराज मोटारीतून उतरले. "कुणी थांबवली आमची गाडी?"

"मी नाही सरकार," येसू म्हणाली. "फाटक उघडं आहे. ड्रायव्हरदादांना विचारा."

"सरकार, घाट चढला की इंजिन तापतं," ड्रायव्हर चाचरत म्हणाला. "दर खेपेला इथं पाणी घालावंच लागतं. आज ते आयतं मिळालं."

"आणि हे बैल?"

"ते पाणी प्यायला थांबलेत," येसू म्हणाली. "त्यांची खोटी झाली असं त्यांनी तरी म्हटलेलं नाही."

महाराजांनी मिशीवर हात फिरवला. "असं? आणि पायी चालणारा? त्याला कोण थांबवणार?"

"त्याला काहीच करावं लागत नाही सरकार. आगगाडी येताना दिसली, की माणूस आपणहून उभा राहून बघतो. आत्ता तुमच्या मोटारीतले तिघं हुजरेही बघत होते."

तिघा हुजऱ्यांनी माना खाली घातल्या.

"ठीक! पण एखाद्या दिवशी बैल तहानलेला नसला तर?"

"तर फाटक लावायला बाबा आहेत. हात चाकावर ठेवून उभे होते, बघा अजून उभेच आहेत. म्हणून तर म्हणते, त्यांना काढू नका."

महाराजांनी शेवटचा खडा टाकला. "रोज दोन्ही डोणींना पाणी लागणार. विहीर घाटाखाली. इतकं पाणी वर आणणार कोण? तुझ्या म्हाताऱ्याला तर चाक सोडता येत नाही!"

येसूने इकडे एकदा पाहिलं, तिकडे एकदा पाहिलं.

"सरकार, दोन डोणी आहेत आणि दोन साहेब. दिवसभर बसूनच असतात. शिवाय विहीर एकच आहे, तिथं भेटले तर पत्र राजधानीला पाठवावं लागणार नाही!"

महाराज इतके मोठ्याने हसले, की बैलांनीसुद्धा पाण्यातून माना वर केल्या. हसत हसतच त्यांनी नाडगौडांच्या हातातली वही घेतली, टिपणिसांच्या हातातली घेतली आणि दोन्ही येसूच्या हातात दिल्या.

"आजपासून सडक आणि रेल्वे, दोन्हींची देखरेख हिच्याकडे! रखमाजीची नोकरी कायम, खोली कायम. आणि साहेब, हंडे तिकडे आहेत!"