गुळाचा खडा

“बाई, निहारला गटातून काढू का?”

दमयंतीबाई उकडलेल्या कैऱ्या कोळत होत्या. मान वर न करताच त्यांनी विचारलं, “काढून ठेवणार कुठे?”

“शेजारच्या खोलीत. मी एकटी बसेन त्याच्याबरोबर. गटात त्याला काहीच मिळत नाही.”

“आणि गटाला?”

शाल्मलीने कपाळाला आठी घातली. हा काय प्रश्न झाला?

देवरुखच्या त्या शाळेत मे महिन्याच्या सुट्टीत हा थेरपीचा वर्ग भरायचा. कुणी उशिरा बोलणारं, कुणी गर्दीला बिचकणारं, कुणी स्पर्श नको म्हणणारं. अशा मुलांनी एकमेकांत बसावं, मागावं, द्यावं, थोडं भांडावंही, एवढ्यासाठी. दमयंतीबाईंचे केस याच कामात पांढरे झाले होते. शाल्मली पुण्याहून सुवर्णपदक घेऊन त्यांच्या हाताखाली शिकायला आली होती. पोरगी हुशार, मुलांवर जीव टाकणारी. फक्त आपल्याला सगळं कळतं, हेही तिला जरा जास्तच कळत होतं.

निहार सात वर्षांचा. रोज यायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. काल त्याची आई म्हणाली होती, “त्याला जमत नसेल तर सांगा हो मॅडम. दोन एस्ट्या बदलून आणते मी. एवढ्या पोरांत एकटा बसलेला बघवत नाही.”

ते ऐकल्यापासून शाल्मलीला घास गोड लागत नव्हता. आज वर्ग सुटला की त्या माउलीला काहीतरी उत्तर द्यायचं होतं.

“आज पन्हं करू,” बाई म्हणाल्या. “मग बोलू.”

पातेलं वर्गाच्या मधोमध आलं. मुलं भोवती बसली. ज्याच्या हाती जे दिलं, ते त्यानेच घालायचं, हा बाईंचा नियम. ओजसला पाण्याचा तांब्या मिळाला, तस्लीमला मीठ. मग बाई गुडघे धरत उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि गुळाचा भलाथोरला खडा त्यांनी निहारच्या हातात ठेवला.

शाल्मली कुजबुजली, “बाई, त्याला वेलची द्या ना. ती राहिली तरी चालतं.”

“म्हणूनच नको.”

शाल्मलीने दाराशी खुर्ची ओढली.

“खाली ये की गं.”

“इथून सगळी नीट दिसतात, बाई.”

“हो, उंटावरून शेळ्या दिसतात खऱ्या...”

गर पडला, पाणी पडलं, मीठ पडलं. निहार पाठ करून गूळ चाटत होता. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि तसंच पन्हं पेल्यांत ओतलं.

पहिल्या घोटाला सगळ्यांचे डोळे मिटले.

“आंबट!” ओजस ओरडला. एक शब्द धरला की तो सोडत नसे. “आंबट! आंबट! आंबट!”

तस्लीमने पेला आपटला. ती आपण होऊन कधी कुणाजवळ जायची नाही. आज उठली, तरातरा निहारपाशी गेली आणि त्याचा सदरा ओढला.

“दे!”

निहार वळला नाही.

शाल्मली खुर्चीवरून उठलीच. त्याला हाताला धरून आणावं, एवढंच तर करायचं होतं! बाईंनी नुसतं एक बोट वर केलं. ती थबकली.

“दे!” तस्लीम पुन्हा म्हणाली.

...

मग ओजसने पातेल्याचा काठ धरला आणि ओढायला लागला. दुसऱ्याने मागून ढकललं. पातेलं फरशीवर करकरत निघालं, पन्हं हिंदकळून सांडायला लागलं.

“बाई, सांडतंय!”

“सांडू दे.”

सगळी वरात भिंतीशी पोचली. पातेलं निहारच्या गुडघ्याला टेकलं, तसा तो वळला. बराच वेळ आत बघत राहिला. हातातला चिकट खडा त्याने शेवटचा एकदा चाटला...

आणि सोडून दिला.

तस्लीमच्या तोंडावर पन्हं उडालं. ती खदखदून हसली. ती हसली म्हणून ओजस हसला, आणि निहारने मान कलती करून दोघांकडे पाहिलं. भिंत त्याच्या पाठीशी गेली होती.

बाईंनी पुरेसं ढवळलं, पेले भरले. एक पेला शाल्मलीपुढे धरला.

तिने आत पाहिलं. तो खडा किती वेळ चाटला गेला होता, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

“बाई... उष्टं आहे.”

“आहे.”

बाईंनी आपला पेला तोंडाला लावला. मुलं गटागटा पीत होती. निहार मात्र पीत नव्हता. तो शाल्मलीच्या हातातल्या पेल्याकडे बघत होता. इतक्या दिवसांत त्याने तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

कोऱ्या ओढणीची पर्वा न करता शाल्मली त्या सांडलेल्या पन्ह्यात मांडी घालून बसली, आणि एका दमात पेला रिकामा केला.

तेव्हा कुठे निहारने आपला पेला उचलला.

वर्ग सुटला. दारात निहारची आई उभी होती. शाल्मली डोळे पुसत बाईंकडे धावली.

“बाई, काय सांगू त्यांना? आला ना तो गटात?”

दमयंतीबाई फरशी पुसत होत्या.

“आला की,” त्या म्हणाल्या. “तुझ्या थोडा आधी.”