जुईपरीची पोपटी पिशवी

फुलबागेच्या कडेला एक चिमुकलं घर होतं. त्यात राहायची कुंदा, तिची आई आणि दोघींत मिळून एक विरलेली चादर. आईला कॅन्सर नावाचा हट्टी आजार झाला होता. सलाईनमधून औषध घ्यायला ती एकदा दवाखान्यात जाऊन आली, आणि आता म्हणत होती, "मी नाही जायची पुन्हा! पाय गारठतात, तोंडाची चव जाते, वेळ तर गोगलगाईसारखा सरकतो."

कुंदाला रडूच आलं. डोळे पुसत ती जुईच्या वेलीला पाणी घालू लागली.

"आक्‌छी! अगं, माझ्या डोक्यावर काय ओततेस?"

पानाआड करंगळीएवढी परी निथळत होती. कुंदाने फ्रॉकच्या टोकाने तिचे चंदेरी पंख हळूच टिपले.

"गुणाची गं माझी बाय! माग, तीनदा माग."

"आईला बरं कर."

परीचे पंख मिटले. "ते माझ्या हातात नाही, राणी. ते औषधच करील. पण तिथं बसणं सोपं करू आपण." तिने इवलीशी पोपटी पिशवी काढली. "मागशील ते पिशवीत मावलं पाहिजे. आणि परत देताना पिशवी रिकामी द्यायची नाही. शेजारणीचा डबा देता का कधी रिकामा?"

"आईच्या पायांना ऊब दे."

पिशवीतून कोंबडी निघाली!

"परीमावशी, ही कशाला?"

"अंडी उबवते, मग पाय नाही उबवणार?"

"दवाखान्यात कोंबडी घेतात होय?"

परीने टिचकी मारली. कोंबडीचे मऊ, पिवळेधम्मक मोजे झाले. फक्त मधूनच ते "पक्‌ पक्‌" करत.

चवीसाठी आल्याच्या सोनेरी वड्या आल्या. "नर्सताईंना विचारून खायच्या हं!" परीने बजावलं. तिसरं मागणं कुंदाने वेळ पळवण्यासाठी राखून ठेवलं.

बोलणारे मोजे पाहून आई गालात हसली. "चल बाई, ह्यांना तरी दवाखाना दाखवू."

तिथं शेजारच्या खुर्चीत एक आजोबा कुडकुडत होते. कुंदाने आईकडे पाहिलं, मग पिशवीच्या तोंडाशी ओठ नेऊन कुजबुजली, "आजोबांनाही मोजे दे."

लालचुटूक मोजे आले. आजोबांनी ते चढवले मात्र...

"कुकूच कू!"

"पक्‌ पक्‌ पकाक!" आईच्या पायांनी उत्तर दिलं.

"अहो ताई, तुमच्या मोज्यांना आवरा!" आजोबा म्हणाले.

"आधी तुमच्याच मोज्यांनी छेड काढली, काका!"

सगळा वॉर्ड खो खो हसला. सलाईन कधी संपलं, कळलंच नाही. निघताना आईने आपणहून विचारलं, "सिस्टर, पुढची तारीख कधी हो?"

घरी येताच कुंदाने परीची सगळी गोष्ट सांगितली, तशी आईने चिंधीची चिमुकली कानटोपी शिवली. कुंदाने ती पिशवीत घालून परीला दिली.

"अगंबाई, माझ्या शिंकेवर उपाय!" टोपी घालून परी गोल गोल गिरकली. गुलाबी, निळा, केशरी उजेड वेलभर सांडला, आणि परी त्यात विरून गेली.

जुईवर पिशवी तेवढी लटकत राहिली, टम्म फुगलेली. परी तरी ती रिकामी कशी ठेवील? कुंदाने हळूच कान लावला. आत सगळ्या वॉर्डाला पुरतील एवढे मोजे एका सुरात आरवत होते.