लेकुरवाळा साग

पूर्वी शाल्मलीनगरावर मणिभद्र राजाचा अंमल होता, तेव्हा बोधिसत्त्वाने रानातल्या लाकूडतळावर ओंडके ओढणाऱ्या हत्तीचा जन्म घेतला होता. त्याचे नाव अंजन. अंगाने एवढा, की पाठीवर सकाळचे ऊन पडले तरी पोटाखाली संध्याकाळ असायची आणि बाकीचे हत्ती तिथे निवांत डुलक्या काढायचे. त्याचा माहूत बिल्वक. हा झोपेत सगळ्यांशी बोलायचा, आणि जागेपणी फक्त अंजनशी.

वस्तीतून जाताना समोरून कडेवर पोर घेतलेली बाई आली की बिल्वक वरून हाक द्यायचा, "लेकुरवाळी, सोन्या!" ते ऐकताच अंजन सोंड आवळून उभा राहायचा. ती लांब गेल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. हा शब्द बिल्वकाने त्याला गुळाचे खडे देऊन शिकवला होता, आणि अंजन तो जरा जास्तच चांगला शिकला.

एका वर्षी पुराने नगराच्या सगळ्या नावा वाहून नेल्या. पलीकडच्या गावांना मीठ मिळेना. नव्या नावांसाठी लाकूड आणायला राजाने काष्ठाध्यक्ष दृढवर्म्याला रानात धाडले. दृढवर्मा घाईचा माणूस. त्याने डोंगरउतारावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "इथून तिथपर्यंत सगळा साग आडवा करा. या थोरल्यापासून सुरुवात."

करवतकरी पुढे सरसावले. त्यांच्या आधी अंजन गेला, त्या थोरल्या सागापुढे आडवा उभा राहिला आणि त्याने सोंड आवळली.

बिल्वकाने खाली वाकून पाहिले. सागाच्या भोवती त्याची रोपे उगवली होती. कुणी वीतभर, कुणी गुडघ्याएवढी, इवल्या देठांवर सुपाएवढी पाने मिरवणारी.

"अरे, ही बाई नाही, झाड आहे!" बिल्वक कुजबुजला. अंजनने कान हलवले, पाय नाही.

दृढवर्मा तापला. "तुझा हत्ती मुजोर झालाय. दुपारपर्यंत हलला नाही तर त्याला सीमेवरच्या लढाईत धाडतो. तिथे भाल्यांपुढे चांगला उभा राहील!"

लढाईत गेलेला हत्ती परत आलेला बिल्वकाने पाहिला नव्हता. त्याने अंजनच्या कानाशी गूळ धरला, आर्जवे केली, रागावला, रडलाही. शेवटी त्याला वाटले आपल्याला युक्ती सुचली. पाचोळ्याच्या पाट्या आणून त्याने सगळी रोपे झाकून टाकली आणि आनंदाने म्हणाला, "बघ सोन्या, गेली सगळी पोरं आजोळी! आता चल."

अंजनने सोंडेने हलकेच फुंकर घातली. पाचोळा उडाला. रोपे पुन्हा उभी.

एवढ्यात लाकडे पाहायला खुद्द राजा आला. दृढवर्म्याने तक्रार केली, बिल्वक राजाच्या पायांवर पडला. "महाराज, मला धाडा लढाईत. तो निष्पाप आहे. चूक माझ्या शब्दाची."

तेव्हा अंजन माणसाच्या वाणीने म्हणाला, "शब्द बरोबर आहे, बिल्वका. तू तो थोड्याच ठिकाणी वापरलास."

बिल्वक उडालाच. "तुला बोलता येतं? मग इतकी वर्षं गप्प का?"

"तू मला बोलायला जागा ठेवलीस कुठे?"

राजाला हसू आवरेना. पण नगराची काळजी होतीच. "गजराजा, माझी माणसं मिठावाचून बसली आहेत. मी नावा कशाच्या करू?"

"सागाच्याच करा, महाराज. पण नावा कुजतात आणि नदी राहते. हा उतार आज उघडा केलात, तर तुमच्या नातवांना मिठाचं गाठोडं डोक्यावर घेऊन पोहावं लागेल."

मग तो पुढे आणि राजा मागे, असे ते रानात फिरले. दाटीत माना उंच करून उभ्या राहिलेल्या सागांमधले एकाआड एक झाड अंजनने सोंडेने दाखवले. ते गेले की उरलेल्यांना ऊन मिळणार होते. शेंडा वाळलेले, बी धरायचे थांबलेले म्हातारे दाखवले. ओढ्याकाठचे अर्जुनसादडे मात्र ओलांडून गेला, कारण त्यांच्या मुळांनी काठ धरून ठेवला होता. करवतकऱ्यांना म्हणाला, "बुंधा जमिनीलगत कापा, जरा तिरपा. पाणी साचलं नाही तर खुंट पुन्हा फुटेल."

नावांपुरते लाकूड झाले. अंजनने एकेक ओंडका रोपांना वळसा घालत असा ओढला, की मागून चालणाऱ्या मुंग्यांनाही वाट बदलावी लागली नाही.

दृढवर्मा मान खाली घालून उभा होता. राजाने विचारले, "तुला मुलं किती?"

"पाच, महाराज."

"मग तूही आज वाचलास."

त्या दिवसापासून त्या राज्यात लेकुरवाळ्या झाडाला कुऱ्हाड लागली नाही. अंजन बिल्वकाजवळच राहिला.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, विहाराच्या ओसरीसाठी आज अख्खे रान मागणारा भिक्षू पुष्कल तेव्हा दृढवर्मा होता. आज त्याला थांबवणारा वृद्ध उपासक तेव्हा मणिभद्र होता. बिल्वक म्हणजे आनंद, आणि तो हत्ती मीच होतो. गरज भागते तिथे हात आवरणारी ही करुणा; तिलाच मात्रज्ञता म्हणतात."