बिनशिक्क्याची सुरी

एका राज्यात घरोघरच्या सुऱ्या सारख्या नव्हत्या. कुंभारणीची आखूड, कासाराची लांब, जाड बोटांच्या माळ्याची रुंद मुठीची. त्या सगळ्या घडत वेशीबाहेर, धोंडजी लोहाराच्या ऐरणीवर. धोंडजी सांडशीत तापलेलं पातं धरी, हातोडीनं हलकेच टक् करून जागा दाखवी, आणि त्याची बायको साळू नेमक्या तिथेच घण घाली. टक्, धण्. टक्, धण्. बोलायची गरज नसे. संसारही त्यांनी तसाच केला होता.

सुरीचं मोल होतं एक पायली दाणे आणि एक वचन. दर दसऱ्याला, ज्याची सुरी त्यानंच ती धार लावायला आणायची. गड्याहाती पाठवली तर धोंडजी तशीच परत धाडी. म्हणे, "पातं कुठं झिजलं ते पातं सांगतं. का झिजलं ते हात सांगतो." मग दसऱ्याला भट्टीपाशी ही गर्दी! पोरं राखेत रताळी भाजत, म्हाताऱ्या एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत, आणि आपली पाळी आली तरी कुणाला घरी जायची घाई नसे. गेले ते दिवस.

कारण मग वक्रकेतू जादूगार आला. त्यानं नदीकाठी एक चक्र उभारलं. ते एका तोंडानं लोखंड गिळी आणि दुसऱ्या तोंडानं सुऱ्या ओकी, एकीसारखी दुसरी. मूठभर दाण्यांना एक. उगाच खोटं कशाला बोला, सुऱ्या वाईट नव्हत्या. कांदा कापत, भोपळाही कापत. गरिबाघरी एकीच्या तीन झाल्या. दसऱ्याला ऐरणीपाशी मात्र शुकशुकाट झाला.

पण स्वस्त वस्तू श्रीमंताच्या डोळ्यांत भरत नाही. वक्रकेतू धोंडजीकडे आला. म्हणाला, "तुझा पिंपळपानाचा शिक्का माझ्या सुऱ्यांवर उमटव. सोनं वाटून घेऊ."

साळू म्हणाली, "धनी, ह्या आपण घडवल्या नाहीत."

"लोक शिक्का बघतात, साळू. घाव कोण बघतो?"

धोंडजीनं शिक्के मारले. मूठभर दाण्यांची सुरी शंभर मोहरांना जाऊ लागली. तीच सुरी, तीच धार, भाव तेवढा आभाळाला भिडला. खुद्द राजा सुधन्व्यानं एक सोन्याच्या म्यानात घालून कमरेला लावली.

तेव्हा ऐरण बोलली. "धोंडजी, न घडवता ठोकलंस. आता नुसतंच ठोकत राहा." आणि धोंडजीचा तांबट पक्षी झाला. हिरवं अंग, लाल कपाळ. टुक् टुक् करत तो उंबरावर जाऊन बसला.

साळूनं ऐरणीवर डोकं टेकलं. "उःशाप दे, माये."

"एक सुरी घडव, बिनशिक्क्याची. लोखंड असं, जे सोन्याच्या शेजारी राहून लोखंडच राहिलं. पाणी असं, ज्यात गेलेले दिवस दिसतात. घाव असा, जो दाखवणाऱ्यावाचून पडला नाही. त्या सुरीचं खरं मोल राजाच्या तोंडून निघालं तर तुझा धनी माणूस होईल. तीन बोलांत निघालं नाही तर जन्मभर पक्षी."

साळू निघाली. तांबट झाडाझाडावरून मागोमाग उडत राहिला.

काळ्या डोंगराच्या पोटात शापित खजिन्याचा हंडा होता, त्यावर नाग. नाग म्हणाला, "सोन्याला हात लावशील तर दगड होशील."

"सोनं नको. त्या हंड्याची कडी दे."

नागानं फणा खाली केला. "ती लोखंडाची आहे. आजवर कुणी मागितली नाही." त्यानं कडी स्वतःच शेपटीनं ओढून दिली.

पुढे रानात तळं लागलं. काठावर माणसं बसली होती, केसांत गवत उगवलेली. वाकून बघितलं तो साळूला पाण्यात दसरा दिसला. तीच गर्दी, राखेतली रताळी, आणि काळ्याभोर मिशांचा धोंडजी. राणीसाहेब लहानग्या सुधन्व्याला घेऊन आल्या होत्या. पोरानं डावा हात पुढे केला. राणीनं तो ओढून मागे घेतला, "उजवा." धोंडजीनं मान डोलावली आणि तिची नजर चुकवून डाव्याचंच माप घेतलं. केवढं हसलं होतं ते पोर! साळूला वाटलं, इथेच बसावं. काय उरलंय मागे? ती बसलीसुद्धा. तेवढ्यात डोक्यावर टुक् टुक् झालं. दिसत होता तो धोंडजी पाण्यात होता, हाक मारत होता तो झाडावर. साळूनं डोळे पुसले, घागर भरली आणि घर गाठलं.

भट्टी पेटली. कडी लाल झाली. साळूनं एका हाती सांडशी धरली, दुसऱ्या हाती घण उचलला आणि तशीच उभी राहिली. घाव कुठे घालू? सारा जन्म जागा त्यानं दाखवली होती.

तांबट उंबरावरून उतरला. ऐरणीच्या टोकावर बसला आणि लाल लोखंडावर चोच मारली. टुक्. चोचीतून धूर निघाला.

घण पडायला उशीर झाला तर लोखंड निवेल, लवकर पडला तर मूठभर पिसंही उरणार नाहीत. पण पूर्वीही धोंडजीनं हात कधी घाईनं काढला नव्हता, आणि तिनं जागा कधी चुकवली नव्हती. टुक्, धण्. टुक्, धण्. पातं झालं. तळ्याचं पाणी पिऊन निळं झालं. साळूनं मूठ बसवली ती तळ्यात बघितलेल्या पोराच्या डाव्या हाताची, वयाप्रमाणे वाढवून.

दरबारात राजानं सुरी उलटसुलट केली. "शिक्का कुठे?"

"नाही, महाराज."

"मग भाव कशावरून करू?"

"हातावरून."

राजानं सुरी उजव्या हातात धरली. मूठ बोचली. त्यानं प्रधानाकडे चोरून बघितलं आणि सुरी डाव्या हातात घेतली. मूठ आपोआप मिटली. राजानं पेरू मागवला, स्वतः कापला, आणि पहिली फोड तोंडात घालताच त्याचे डोळे भरून आले.

"शंभर मोहरा. पिंपळपानाच्या सुरीइतक्या."

साळूच्या खांद्यावरचा तांबट तांबटच राहिला.

"अर्धं राज्य!"

तांबट हलला नाही. एकच बोल उरला होता.

राजानं मुठीवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाला, "साळूबाई, मोल मला ठरवता येत नाही. आई द्यायची ते देतो. एक पायली दाणे. आणि दसऱ्याला ही सुरी घेऊन मी येईन. मीच."

हिरवी पिसं फरशीवर गळाली आणि धोंडजी उभा राहिला, ओठावर काळा डाग घेऊन. साळूकडे बघून म्हणाला, "तिसरा घाव उशिरा पडला."

"तुमची चोच मधे होती, धनी," म्हणून साळू भर दरबारात रडली. तिनं कुणाची लाज धरली नाही.

त्याच क्षणी चक्राच्या सुऱ्यांवरून पिंपळपानं पुसली गेली, आणि भाव मूठभर दाण्यांवर आला. कांदा त्या पूर्वीसारखाच कापत राहिल्या. राजानं वक्रकेतूला सांगितलं, "चक्र चालव. पण चिन्ह चक्राचंच घाल."

दसऱ्याला राजा कुंभारणीच्या मागे पाळी धरून उभा राहिला. धोंडजीनं पातं बघितलं, मग हात बघितला. "काही कापलेलं दिसत नाही."

"महालात सगळं कापूनच येतं."

"मग धार कशाला लावू? वापरून आणा, महाराज." राजानं मान खाली घातली आणि तो पोरांत रताळी खायला बसला.

भट्टीचा आवाज पुन्हा गावभर जाऊ लागला. पण कान देऊन ऐकणाऱ्याला त्यात एक फरक कळतो. धोंडजीच्या हातोडीचा टक् झाला की साळू आता श्वासभर थांबते, त्याचा हात दूर झालेला डोळ्यांनी बघते, आणि मगच घण घालते. टक्. मग धण्. ऐरणीची कहाणी त्या एका श्वासात सुफळ.