खांबेटे सरांची सिद्धता

गणिताला जोडून तत्त्वज्ञान घ्यायचं, तर गणिताच्या विभागप्रमुखांची सही लागे आणि खांबेटे सर ती कुणालाच देत नसत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सुनयना तायडे अर्ज घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. दोन्ही विषय का हवेत, हे तिचं तिलाच धड सांगता येत नव्हतं.

"गोंधळलेली दिसतेस," सर म्हणाले.

"हो सर."

"मग ऐक. ज्याची सिद्धता देता येत नाही, ते मानायचं नाही. समोरच्या इमारतीत तत्त्वज्ञानवाले नुसत्या गप्पा मारतात. एवढं कळलं की गोंधळ संपतो."

सुनयनाने ते मनात दोनदा घोळवलं आणि ती आणखीच गोंधळली.

"सर, याची सिद्धता सांगता?"

"कशाची?"

"आत्ता म्हणालात त्याचीच. सिद्धता नसेल तर मानायचं नाही, याची."

सरांनी खडू उचलला. फळ्यावर 'समजा' लिहिलं, पुसलं, पुन्हा 'समजा' लिहिलं.

"याची सिद्धता इथे होत नाही," ते शेवटी पुटपुटले.

"मग सर, तुमचं मानू की नको, हे विचारायला तरी मला समोरच्या इमारतीत जावंच लागेल ना?"

खडूने माखलेल्या हातानेच सरांनी सही केली.

"जा. आणि काही कळलं, तर मलाही येऊन सांग."