बोक्याला माती

झाडं, प्राणी आणि माती एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट.

एका पेरूच्या बागेत म्हातारा बोका मेला. त्यानं जन्मभर सगळ्यांना छळलं होतं. तरी रीत म्हणून एका पेरूखाली खड्डा करून प्राणी त्याला चिमूटभर माती द्यायला आले. "मेल्यावर तरी मिशा खाली आल्या," घूस हळूच म्हणाली. खार मात्र लांब बसून राहिली. तिचं पिल्लू या बोक्यानंच मारलं होतं, आणि ते त्याच पेरूखाली पुरलेलं होतं.

सगळे गेल्यावर ती मातीला म्हणाली, "मावशी, याला पोटात घेऊ नकोस. याला जाळायला हवं. रोज, कायमचं."

"माझ्यापाशी आग नाही गं," माती म्हणाली. "माझ्यापाशी नुसती झोप आहे."

"म्हणजे हा सुटला?"

"सुटला कसा? ज्या धन्यानं आपल्याला घडवलं, तो एक दिवस सगळ्यांना उठवील आणि याला जाब विचारील. पुढं याचं काय करायचं, ते तोच ठरवील."

"आणि माझं पिल्लू? याच्या शेजारी घाबरेल ना ते."

"याची नखं आता कुणाला लागायची नाहीत, बाई. धनी तुझ्या पिल्लाला हाक मारील, तोवर मी त्याला थंडी लागू देत नाही."

खार खड्ड्यापाशी आली. बोक्याची शेपूट अजून उघडीच होती. तिनं चिमूटभर माती उचलली आणि शेपटीवर टाकली.

"झोप आता, मेल्या," ती म्हणाली.